नाव लिहिलेली थैली

प्रिय मंजू,

आधी ‘चि. कु. मंजुश्री’ असं लिहिलं होतं, पण त्या ‘कु.’वरूनही तू भांडशील म्हणून खोडलं. दुकानाच्या बिलबुकाच्या कोऱ्या बाजूला लिहितोय; तुझी आई फोटो काढून तुला पाठवेल. फोनवर मी एक तर गप्प बसतो नाहीतर ओरडतो, मधलं मला जमत नाही. दिवाळीपासून तू फक्त आईशीच बोलतेस. ती मुद्दाम स्पीकर लावते आणि मी गिऱ्हाईक नसलं तरी काट्यावर काहीतरी तोलत उभा राहतो. परवा ऐकलं, की युगांडातल्या तुझ्या नोकरीचा करार संपत आलाय, आणखी दोन वर्षं थांबायचं की नाही हे तीस तारखेपर्यंत कळवायचंय, आणि ‘बाबांच्या मनाविरुद्ध किती दिवस राहू’ म्हणून तू नाही म्हणायच्या बेतात आहेस. त्याकडे येतोच. पण सरळ मुद्द्यावर येणारा माणूस मी कधी होतो?

घरी सगळं ठीक. आईचा गुडघा उन्हाळ्यात कमी दुखतो, म्हणजे तिची माझ्यावर नजर ठेवण्याची ताकद वाढली आहे. लोणचं घालून झालं, तुझी बरणी वेगळी काढली आहे. एरवी आपल्या बीबी गावात मे महिना म्हणजे लग्नाच्या पंगती आणि झोप. यंदा मात्र झोप नाही. गेल्या महिन्यात नाल्यापलीकडच्या वस्तीला आग लागली. घरांना लागून कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे ढीग रचलेले, भर दुपार, वरून वारा. तासाभरात एकोणीस घरं गेली. माणसं वाचली हे नशीब. शाळेला सुट्टी होती म्हणून सगळ्यांना शाळेत ठेवलं.

मदत करण्यात आपलं गाव कमी नाही, हे तुला माहीत आहे. दोन दिवसांत शाळेच्या व्हरांड्यात जुन्या कपड्यांचा डोंगर झाला. मी प्रत्येक घराला पाच-पाच किलोच्या दोन थैल्यांत दहा किलो गहू दिले. नुसते नाही दिले. प्रत्येक थैलीवर निळ्या मार्करनं ठळक लिहिलं, ‘नारायणराव किराणा, बीबी यांजकडून सप्रेम’. हसू नकोस. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर नावं घालणारी माणसं आपण, थैली कशी कोरी सोडणार?

पाचव्या दिवशी त्या वस्तीतली आलिमा दुकानात आली. ब्लाउज शिवते ती. तुझ्या आईचे पण तिनंच शिवलेत. आगीतून तिनं मशीन उचलून आणलं, पण चष्मा राहिला. डोक्यावर दोन गव्हाच्या थैल्या, हातात डाळ-साखर. म्हणाली, ‘काकाजी, हे सगळं घेऊन सहाशे रुपये देता का? लोणारले जाऊन चष्मा करतो. लग्नाचे ब्लाउज घेऊन बसली मी, अन् सुईत दोरा जाऊन नाही राह्यला.’ थैली काउंटरवर ठेवताना तिनं उलटी ठेवली होती. मी सरळ केली तर माझंच नाव माझ्यासमोर. ती ओशाळून म्हणाली, ‘नाव पुसून देऊ का, काकाजी?’

आणि मी काय म्हणालो असेन? सवयीनं माझ्या तोंडून निघालं, ‘पाचशे देतो.’ मंजू, तुझ्या बापानं आपणच दान दिलेल्या गव्हाचा भाव पाडला. आई आत पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलेलं मला ऐकू आलं. मग सहाशे दिले, गहूही परत दिले, पण लाज काही परत गेली नाही.

तेव्हापासून फराळाच्या ताटावरचं आपलं भांडण डोक्यातून जाईना. दक्षिण सुदानहून पळून आलेल्या कुटुंबांच्या फोनवर दर महिन्याला पैसे पोचवायचे आणि त्यांनी हवं ते घ्यायचं, हे तुझं काम तू किती समजावून सांगत होतीस! मी म्हणालो, ‘फुकटचा पैसा माणसाले नासवते. धान्य द्या, कपडे द्या.’ तू विचारलंस, ‘त्याईले काय लागते हे तुमाले कसं ठाऊक, बाबा?’ आणि मी मेहकरच्या पाहुण्यांसमोर म्हणालो, ‘माही पोरगी परमुलखात खैरात वाटते.’ तू दोन दिवस आधीच निघून गेलीस. मी बसस्टँडवरही आलो नाही.

गावानं दोन लाखांच्या आसपास वर्गणी गोळा केली होती. त्यातून प्रत्येक घराला भांडी, साड्या आणि किराणा द्यायचं ठरलं, आणि किराणा अर्थात माझ्या दुकानातून. मी सभेत उठून म्हणालो, सामान नको, प्रत्येकाला दहा हजार रोख द्या. सगळे माझ्याकडे पाहायलाच लागले. नारायणराव हातचं गिऱ्हाईक सोडतो म्हणजे ऊन लागलं असेल. वर्गणीत पुढे असलेले पंजाबराव म्हणाले, ‘दारू पितीन ना बे ते!’ हे तर माझंच दिवाळीतलं बोलणं, फक्त मिशी वेगळी. मी तुझा प्रश्न जसाच्या तसा त्यांच्यासमोर टाकला. तो माझा नाही, माझ्या मुलीचा आहे, असंही सांगितलं. तुझ्या कामाबद्दल चारचौघांत बोललो तर ऊर भरून आला, हे तुला सांगायला हवं.

शेवटी सभा रोख द्यायला राजी झाली. मग खरी कसरत. तुझं काम किती अवघड आहे ते कळलं. एकोणीस घरं एकाच आठवडी बाजाराला टिनपत्रे आणि पातेली घ्यायला निघाली तर दुकानदार भाव चढवणार. मी त्याच जातकुळीचा, मला नाही कळणार? म्हणून आधी भांडेवाल्याकडे आणि पत्रेवाल्याकडे जाऊन बसलो, भाव ठरवून घेतले, आणि दर आठवड्याच्या बाजाराला सहा-सात घरांनाच पैसे, असे तीन बाजार काढले. घरातल्या बाईच्या हाती पैसे दिले. एका खोलीत सासू-सून दोन चुली मांडून होत्या, ते घर एक धरायचं की दोन यावर मी तीन दिवस झुरलो. शेवटी वर्गणीत जे वर उरलं होतं त्यात माझे घालून दोन धरले. तू काय केलं असतंस? पंजाबरावांनी फ्लेक्स आणि फोटोग्राफर दोन्ही तयार ठेवले होते. मी म्हणालो, दार लावून एकेकीला बोलवायचं, फोटो नाही. ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

कुणी पत्रे घेतले, कुणी शेळ्या. आलिमानं कात्री आणि इस्त्री घेतली. आता शाळेच्या व्हरांड्यात मशीन चालू असतं आणि तुझ्या आईकडूनही ती पूर्ण शिलाई घेते. म्हाताऱ्या शकूरनं सातशेचा रेडिओ घेतला. गाव हसलं, मीही आतून चिडलो. डोक्यावर छप्पर नाही आणि रेडिओ! विचारायला जीभ शिवशिवत होती, पण ती दाताखाली धरून घरी आलो. एवढं जड काम मी आयुष्यात केलं नाही. आणि हो, एक जण प्यायला. एकच. आपल्या व्यापारी मंडळाच्या जेवणात हा आकडा बराच मोठा निघेल.

आता हे कशासाठी लिहिलं ते. पैसे घेताना आलिमानं विचारलं, ‘पावत्या आणून द्या लागतीन का, काकाजी?’ मी ‘नाही’ म्हणालो, आणि मग शाळेतल्या त्या छोट्या बाकावर बसूनच राहिलो. तू अमरावतीला शिकायला होतीस तेव्हा दर महिन्याला मी तुझ्याकडून कागद मागवायचो, काय घेतलं, काऊन घेतलं. एकदा तू ‘किरकोळ, ऐंशी रुपये’ लिहिलंस तर मी तीनदा फोन केला आणि तिसऱ्यांदा तू रडलीस. ते ऐंशी रुपये कशाचे होते मला अजून माहीत नाही. आता विचारायचंही नाही. एकोणीस परक्या घरांवर जेवढा भरवसा टाकला, तेवढा मी पोटच्या लेकीवर कधी टाकला नाही. माझं चुकलं, मंजू. तुला थांबायचं असेल तर थांब, यायचं असेल तर ये, घर तुझंच आहे. पण माझं मन मोडेल म्हणून काही ठरवू नकोस. तीस तारखेला जे ठरेल ते मला कळव. का ठरवलं ते मी विचारणार नाही.

तुझाच,
शिकाऊ बाबा