ओढ्यापलीकडचे चौदा आकडे

प्रिय मुंगी,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. तिसऱ्या वर्षाच्या फील्ड कॅम्पच्या सहाव्या दिवशी ओढ्यापलीकडच्या टेकडीवर जायचं आणि तिथले खडकांचे थर कोणत्या दिशेला, किती अंशांनी कललेत ते मोजायचं, हे काम माझं होतं.
२. मी ओढा ओलांडला नाही.
३. माझ्या वहीत त्या टेकडीचे चौदा आकडे आहेत.
४. दुसऱ्या दिवशी तू तिथे गेलीस आणि पाच आकडे आणलेस. त्यांची दिशा माझ्या आकड्यांच्या अगदी उलट होती.
५. सरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. नापास तू झालीस.

चार वर्षांत हे मी एकदाही कागदावर लिहिलं नव्हतं. लिहिल्यावर पाचच ओळी झाल्या.

त्या दिवशी माझ्या टाचेला फोड आला होता, हे तुला आठवत असेल. पण फोड हे कारण नव्हतं. ओढ्याच्या अलीकडे सगळे थर पश्चिमेला, चाळीस अंशांच्या आसपास कललेले. हातभर पाण्यापलीकडे ते बदलतील कशाला? मला उत्तर माहीत होतं, मग चालायचं कशाला? मी झाडाखाली बसून आकडे लिहिले: एकेचाळीस, चव्वेचाळीस, बेचाळीस. दोनतीन अंशांचा फरक मुद्दाम ठेवला, खरं वाटावं म्हणून. सरांचा नियम काय होता? पेन्सिलने, जागेवर, रबर न वापरता. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. माझ्या त्या पानावर एकही रेघ नाही. ज्याने दगडाला हात लावलाय, त्याच्या पानावर एक तरी असतेच. हे मला आता कळतं.

तुझ्या पानावर अकरा होत्या. तू प्रत्येक खडकापाशी थांबायचीस, वाकायचीस, हात फिरवायचीस आणि मग होकायंत्र काढायचीस. ड्रायव्हरकाका रोज बसच्या पायरीवर उभे राहून ओरडायचे, “ती मुंगी आली का रे? ती आली की आपण सगळे आलो!” त्यांनीच तुझं बारसं केलं. मला पट्टी म्हणायचे, कारण माझ्या सगळ्या रेघा सरळ यायच्या. मला त्या नावाचा अभिमान होता.

शेवटच्या दिवशी सरांनी आपल्या दोघींच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. “एकाच टेकडीला दोन उतार? मूड बघून कलते का ही?” सगळे हसले. मीही हसले. मग त्यांनी तुझे आकडे मोठ्याने वाचले. बावीस, मग कुठे एकावन्न. सगळे पूर्वेला. “अगं, सुईचं उलटं टोक वाचलंस तू. पहिल्या वर्षाची चूक ही.” तू म्हणालीस, “सर, पाच मिनिटं चला, डोळ्यांनी दिसतंय, दाखवते.” बस सुरू झाली होती. सर माझ्याकडे वळले. “तू सांग. तुला काय दिसलं?”

मी म्हणाले, “पश्चिमेला, सर.”

तू माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाहीस. तू माझ्या बुटांकडे पाहिलंस. ओढ्याकाठची तांबडी माती सगळ्यांच्या बुटांवर होती, धुऊनही जात नव्हती. माझे स्वच्छ होते. म्हणजे तुला कळलं होतं. तू वही दप्तरात ठेवलीस. तू का बोलली नाहीस, याचे मी तेव्हा सोयीचे अर्थ लावले. तुला स्वतःचीच खात्री नसेल. तुला भांडण नको असेल. त्यातला एकही अर्थ मला आज पटत नाही. बहुधा तू मी बोलायची वाट पाहत होतीस. बसमध्ये तीन तास वाट पाहिलीस, माझ्याच शेजारी बसून.

पुढच्या वर्षी कॅम्प पुन्हा करायला तू आली नाहीस. विषयच सोडलास. तू कंटाळलीस, असं मी सगळ्यांना सांगत राहिले. माझ्या आईलासुद्धा. ती अजून विचारते, “तुझी ती हळू चालणारी मैत्रीण कुठे असते गं?”

आता मी त्याच विभागात सहायक आहे. सर दर वर्षी पहिल्या तासाला माझी वही वर धरून दाखवतात. “फील्डची वही अशी असावी.” मी मागच्या बाकापाशी उभी असते. दोन महिन्यांपूर्वी कॅम्पला मुलांना घेऊन गेले आणि पहिल्यांदाच तो ओढा ओलांडला. पाणी घोट्याएवढं होतं. त्या चौदा आकड्यांवरून मी काढलेला नकाशा हातात धरलेली एक मुलगी म्हणाली, “ताई, आपण हा उलटा धरलाय का?” मी तिला म्हणाले, “पुढे चला, उशीर होतोय.”

दुसऱ्या दिवशी पहाटे एकटी गेले. नव्या रस्त्यासाठी टेकडी कापून काँक्रीटची भिंत घातलीय, बहुतेक थर तिच्यामागे गेले. तीनच ठिकाणी उघडा खडक उरलाय. चोवीस, एकोणचाळीस, त्रेपन्न. तिन्ही पूर्वेला. ओढ्याच्या तळाशी थरांना घडी पडलीय, म्हणून तर ते दोन्हीकडे वेगळे कलतात. तुझे आकडे विस्कळीत वाटले, कारण घडी तशीच असते. माझे नीटनेटके होते, कारण ते कुठलेच नव्हते.

तुझा पत्ता मी शोधला नाही, तो आला. विभागाने एका प्रयोगशाळेकडे माती तपासायला पाठवली होती, तिथून आलेल्या अहवालात एका आकड्यावर आडवी रेघ होती, खालचा आकडा वाचता येत होता आणि शेजारी तुझी सही होती. पत्ता मी त्याच कागदावरून उतरवून घेतला.

आता हे पत्र का, ते. सर कॅम्पची पुस्तिका छापताहेत, आणि एकतिसाव्या पानावर नमुना म्हणून माझा नकाशा आहे. गेल्या सोमवारी मी त्यांना वरच्या पाच ओळी सांगितल्या. त्यांनी चष्मा काढला, माझी वही मिटली आणि म्हणाले, “मी पाच मिनिटं द्यायला हवी होती.” तुझा निकाल बदलावा, असं पत्र त्यांनी विद्यापीठाला लिहिलंय, मी त्याला माझा जबाब जोडलाय. त्याचं काय होईल ते माहीत नाही. पण भिंतीमागे गेलेल्या थरांचे खरे आकडे आता जगात एकाच ठिकाणी आहेत, तुझ्या वहीत. ते मिळाले तर नकाशा तुझ्या नावाने छापायचा, माझं नाव काढून. तुझ्यावर इतकं ओढवून पुन्हा तुझ्याकडेच काहीतरी मागतेय, याची लाज वाटते. माफी मी मागत नाहीये, ती मागायची तर ओढा ओलांडून तुझ्या दारात येऊन मागायला हवी, आणि येऊ का हे विचारायचं धाडस आज नाही. वही टाकून दिली असशील तर तसं लिही. द्यायची नसेल तर नुसतं ‘नाही’ लिही, मी कारण विचारणार नाही. पुस्तिका शुक्रवारी छपाईला जाते. गुरुवारपर्यंत, म्हणजे अठरा तारखेपर्यंत उत्तर पाठव.

तुझीच, तू कधीकाळी मैत्रीण मानलेली,
पट्टी