दादाच्या घड्याळाचा पट्टा

शुक्र. १९ सप्टें.
पार्सल आलं. नीताने नागपुरातून मोबाईलवर मागवून दिलं.
कापडी पट्टा, निळा, २० मि.मी. – ३४०
हत्यारांचा डबा, चौदा नग – १९९
घरपोच – ४०
एकूण ५७९.
यांना सांगितलं, लेकीने शिलाई मशीनचं सामान पाठवलं. खोटं बोलले. दिवाबत्तीच्या वेळी देवापुढे कान धरले.

शनि. २०
घड्याळ राखीपासून शेवयांच्या डब्यात पडून आहे. देवाच्या कपाटात ठेवता येत नाही, पट्टा कातडी. यांनी अनुग्रह घेतल्यापासून तीन वर्षं चामडं अंगाला लागू दिलं नाही. चप्पल रबराची, कमरेला कापडी पट्टा. माझ्या दादाला हे ठाऊक कसं असणार? त्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत यांचं नाव राहिलं, तेव्हापासून चार वर्षं दोघांची बोलचाल बंद. दादा म्हणतो, छापणाऱ्याची चूक. हे म्हणतात, "छापणाऱ्याले काय मी सपनात दिसणार होतो? नाव तुह्या भावानं द्याचं होतं."
दादाशी मी फोनवर बोलते. चामड्याचं सांगायचं माझ्याकडूनच राहिलं. मस्कतच्या कंपनीने निरोपाला दिलेलं घड्याळ, स्वतः न घालता त्याने राखीच्या ओवाळणीत यांच्यासाठी पाठवलं. यांनी डबी उघडली, पट्टा पाहिला, बंद केली. "मुद्दाम पाठवलं." त्या दिवशी भाकर अर्धीच खाल्ली.
चार भाऊबीजा चंद्राला ओवाळून काढल्या. यंदा दादा दारी यावा. पट्टा बदलला तर निदान…

रवि. २१
हे वावरात गेल्यावर यांच्या जुन्या बंद घड्याळावर हात बसवून पाहिला. पट्टा दोन पिनांवर असतो, पिना घड्याळाच्या कानांत, म्हणजे कडेच्या चार टोकांत. चौदातला एकही काटा त्या फटीत धड शिरेना. एक शिरला तो वाकला. पिन उडाली ती थेट सुपातल्या तूरडाळीत. दोन किलो डाळ पुन्हा निवडली. पिन मिळाली, वर चार खडे मिळाले. सकाळी निवडताना सुटले होते.
दादाच्या घड्याळाला हा डबा लावायचा नाही. १९९ पाण्यात.

बुध. २४
वाशीमला गेले, अर्ध्या तिकिटात. रहीमचाचाचं दुकान. माझ्या लग्नातलं घड्याळ त्यांनीच दोनदा नीट केलेलं. डबा उघडून समोर ठेवला.
"ताई, शेवया कायले आणल्या?"
मग घड्याळ दिसलं. भिंग डोळ्याला लावलं. दीड-दोन लाखाची चीज आहे म्हणाले. दीड महिना शेवयांत.
पट्टा बदलून द्या म्हटलं.
"नाही. हात थरथरते आता माहा. याच्या कानाले ओरखडा पडला तर दुकान इकून भरनं होणार नाही. तुमीच करा घरी. सुई ओवता का अजून?"
"ओवते."
"चष्म्याबिगर?"
"चष्मा लावून."
"मंग झालं."
चौदा नगांचा डबा पाहून हसले. "यातलं एक ठेवा, दात कोराले."
हत्यार कसं पाहायचं ते दाखवलं. काटा बारीक पाहिजे, पोलाद कडक पाहिजे, दांडा बोटांत फिरला नाही पाहिजे. एका टोकाला काटा, दुसऱ्याला टोचणी. दोन पुढ्यात ठेवली, एक १८० चं, एक ५२० चं. मोडक्या घड्याळावर दोन्ही चालवून पाहिली. १८० चं दोनदा घसरलं. कोथिंबिरीच्या जुडीत मी पाच रुपये सोडत नाही. ५२० दिले.
सूचना: कानांवर सेलोटेप. खाली मऊ फडकं. सगळं परातीत करायचं, पिन उडाली तरी परातीतच. घाई नाही.
निघताना म्हणाले, "अन् ताई, याले चावी नाही, सेल नाही. हातावर हाललं तरच चालते. ठेवून देलं का दोन दिवसांत बंद."

शुक्र. २६
हत्यार तयार, पट्टा तयार. पण नवमी पाच दिवसांवर. नवं हत्यार पुजल्याबिगर चालवायचं नाही, हा सासूबाईंपासूनचा रिवाज. विळा असो की कात्री. आणि खंडेनवमीची पूजा हेच करतात. लपवावं तर बिनपुजलं राहतं. मांडावं तर दिसतं.
आरतीत लक्ष लागलं नाही.

बुध. १ ऑक्टो.
खंडेनवमी. पाटावर मांडलं: विळे दोन, खुरपी तीन, पाना, कात्री. पाटाशेजारी पावडं, फवारणीचा पंप, शिलाई मशीन. ते बोटभर हत्यार कात्रीमागे ठेवलं. यांच्या नजरेतून खिळाही सुटत नाही.
"हे कायचं हाय?"
"पट्टा काढाचं."
"कायचा पट्टा?"
"दादाच्या घड्याळाचा. कातडी काढून कापडी लावतो."
"काहून?"
मग मी सगळं बोलले. त्याला मालूम नव्हतं, मीच सांगितलं नाही, राग माह्यावर काढा.
यांनी हत्यार उचललं, दोन्ही टोकं पाहिली. हळद लावली, कुंकू लावलं, जरा जास्तच लावलं, काट्याच्या फटीत पार भरलं. झेंडूचं फूल ठेवायला जागा नाही, पाकळी ठेवली.
जेवताना एकच वाक्य. "पुजलं हाय त वापर."

गुरु. २
दसरा. सकाळच्या उजेडात ओट्यावर परात मांडली. फडकं, सेलोटेप, चष्मा. काट्यावरचं कुंकू पुसायला हवं होतं. पण पूजेचं कुंकू सणाच्या दिवशी कसं पुसणार? नुसतं झटकलं.
हे दारात उभे. "बॅटरी धरू का?"
"धरा. पण कातडं लागन."
"हात लांब हाय माहा."
पहिली पिन तिसऱ्या खेपेला निघाली. दुसरी निघताना काटा घसरला. ओरखडा टेपवर, कानावर नाही. देवाची कृपा. नवा पट्टा बसवताना मात्र उरलेलं कुंकू घामाच्या बोटांनी त्याला लागलं. आतल्या बाजूला, मनगटाला टेकेल तिथेच. ओल्या फडक्याने पुसलं तर आणखी पसरलं.
यांनी बॅटरी जवळ आणून पाहिलं. "आतून हाय. कोन पाह्यते."
घालतो म्हणाले नाहीत. घड्याळ देवाच्या कपाटात ठेवलं, आता तिथे चालतं. काटे थांबलेलेच आहेत. वेळ लावायला मला जमत नाही. हे सोनं वाटायला गेले.
जुना पट्टा कागदात गुंडाळून बाजूला ठेवला.

रवि. ५
दिवाबत्तीला वातीचा पुडा काढायला कपाट उघडलं. घड्याळ चालू. ओसरीतल्या घड्याळाशी ताडून पाहिलं, मिनिटाचाही फरक नाही.
दसऱ्याला बंद होतं. वेळ मी लावली नाही. आणि चाचा म्हणाले, हातावर हाललं तरच चालते.
सोयाबीन सोंगणी सुरू आहे. परवापासून हे पूर्ण बाहीचा सदरा घालून वावरात जातात. ऊन लागते म्हणतात.
रात्री शिरा केला. "आज काय हाय?" म्हणाले. काही नाही म्हटलं, रवा उरला होता.

मंगळ. ७
धीर करून विचारलं, दादाला फोन लावू का?
"फोनवर बोलणार नाही असं देवापुढं म्हटलं होतं मी."
मी पोळ्या लाटत राहिले. दोन पोळ्या झाल्यावर स्वतःच म्हणाले, "लिवणार नाही असं नव्हतं म्हटलं."
जेवण झाल्यावर कागद घेऊन बसवलं मला. तू लिव, मी सांगतो. जुना पट्टा पत्रासोबत धाडायचा ठरलं. मला भीती, दादा उलटा अर्थ घेईल. म्हणाले, "म्हनून तर लिवून राह्यलो."
पत्ता घालताना: "खाली माहं नाव पुरं लिव. वडलाच्या नावासकट. त्याच्याजवळ राहू दे, पुढं छपाईच्या कामी येते." तोंडावर हसू नव्हतं, पण मिशी हलली.
उद्या सकाळी रजिस्टर करणार. नक्कल इथे उतरवून ठेवते.

"ती. दादांस सा. न. घड्याळ पोचलं. मी चामडं वापरत नाही हे तुमाले माहीत नव्हतं, ते मले आता समजलं. तुमच्या बहिणीनं घरीच कापडी पट्टा लावला. जुना सोबत पाठवला आहे. तुमच्या दुसऱ्या घड्याळाले लावावा, राग मानू नये. घड्याळ वेळ बरोबर दाखवते. भाऊबीज गुरुवारी २३ ला आहे. तूरडाळ निवडून ठेवली आहे, खडा लागणार नाही. येता की नाही ते उलट टपाली कळवावे."