मैदानावरच्या सशांचा बंदोबस्त

२ मे
क्रिकेट लीगचे तपासनीस १७ तारखेला येणार. आउटफिल्डमध्ये सशांनी उकरलेले एकतीस खड्डे. मैदान नापास झालं तर महिला संघाचा २४ तारखेचा पहिलावहिला घरचा सामना शेजारच्या डेन्सबी गावात जाईल. कॅप्टन आमची लेक जेमा. मैदान अकरा वर्षं माझ्या ताब्यात. क्लबच्या सेक्रेटरी हिलरीबाई म्हणाल्या, पैसे देऊन शिकारी बोलावू. म्हटलं, कशाला? मी आहे ना! कमिटी एकदम गप्प झाली. आदर वाटला असणार.

३ मे
छऱ्यांची रायफल आली. तिच्यावर बसणारी, अंधारात दिसणारी दुर्बीणही. सोबत सत्तर पानांचं माहितीपुस्तक. आपण असली पुस्तकं वाचत नाही. एक लाल दिवा लुकलुकतो, बॅटरीचा असावा. मागच्या अंगणात सूपच्या डब्यावर नेम. पाचातले चार बरोबर. बायको म्हणाली, डबा पळत नाही. ब्रेंडाला तांत्रिक गोष्टी कळत नाहीत.

४ मे, रात्री ११.१०
रोलरमागे पालथा. नऊ ससे. दुर्बिणीत मिशासुद्धा दिसतात. एकाचा कान फाटलेला होता, तो नेमका नेमात. वारा होता. झाडली नाही. खरा शिकारी घाई करत नाही.

५ मे
पुन्हा कानफाट्या. वारा नव्हता, पण धुकं. हिलरीबाईंचा फोन, किती झाले? म्हटलं, दोन. म्हणजे, मनात आणलं असतं तर दोन सहज झाले असते.

८ मे
पाऊस. एकूण सात कळवले. मेलेले ससे दिसत नाहीत कुठे, असं बाई विचारत होत्या. म्हटलं, कोल्हे नेतात. कोल्हे नेतातच.

११ मे, रात्री १०.४०
गाजर नेलं. निव्वळ आमिष. कानफाट्या पाच फुटांवर येऊन खात बसला. इतक्या जवळून मारणं खिलाडूपणाचं नव्हे. एकूण अठरा.

१५ मे
एकूण तेवीस. कमिटीने शिकाऱ्याचा विषय सोडून दिला. जेमाने मिठी मारली, म्हणाली, डॅड, तू होतास म्हणून! आज चौदा ससे दिसले. उरलेले घाबरून एकत्र येत असावेत.

१७ मे
नापास. बावन्न खड्डे. तपासनीस फार उंच होता. उंचावरून खड्डे जास्त दिसतात.

१९ मे
कमिटीची तातडीची बैठक. मेहनतीचा पुरावा म्हणून रायफलच टेबलावर ठेवली. हिलरीबाईंच्या नवऱ्याने दुर्बिणीतून एक कार्ड काढून क्लबच्या टीव्हीला लावलं. लाल दिवा बॅटरीचा नव्हता. दुर्बीण सगळं टिपत होती. आवाजसुद्धा.
पडद्यावर मधोमध कानफाट्या, गाजर खाताना. मागून माझा आवाज, ये रे राजा, सावकाश खा. उद्या जरा लवकर ये, दहानंतर मला गारठा सोसत नाही.
लोक हसून हसून लोळले. जेमा हसली नाही. म्हणाली, तुझ्याने मारवत नव्हतं तर तसं सांगायचंस ना, डॅड. दुसऱ्याला बोलावलं असतं. रोज आकडे कशाला सांगत बसलास?
माझ्याकडे उत्तर होतं, पण ते वाऱ्याबद्दल होतं.

२४ मे
सामना डेन्सबीला. जेमा म्हणाली, गाडीत जागा नाही. पाच जणांच्या गाडीत तिघी बसून गेल्या. खिडकीतून मोजल्या.

२६ मे, रात्री १२.२०
पगारी शिकारी आला. गडी विशीतला. दीड तासात सतरा. कमिटीने मला पोतं धरायला बोलावलं होतं. धरलं. आत बघितलं नाही.
घरी येऊन स्वयंपाकघरात रडलो. ब्रेंडा जागी झाली. सर्दी झालीय, म्हटलं.
ती म्हणाली, असू दे, आणि चहा ठेवला.