डाव्या हाताची दोन बोटं

६ जानेवारी
तीच जागा! पुन्हा तिथंच अडखळले. उजवा हात पळतोय, डावा मागं लंगडतोय. एक फेब्रुवारीला सोलापूरच्या शाळेत संगीत शिक्षिकेच्या जागेसाठी पियानो वाजवून दाखवायचाय. वेगाची एक रचना, दोन्ही हातांनी. अन् माझी अजून रचनाच ठरत नाही!

आप्पांचं एकच — "पेटीवाल्याचा डावा हात भात्याला वाहिलेला. त्याला वळण लावावं लागतंय." खरंय. लहानपणापासून नळदुर्गच्या मठातल्या भजनाला बापाच्या शेजारी बसून पेटी वाजवली मी. डाव्यानं नुसता भाता मारायचा, बस्स.

१२ जानेवारी
सोलापूरला क्लास. गौरीशंकर सरांनी तीन रचना पुढ्यात ठेवल्या. एकीत उजव्याची नुसती धावपळ, डाव्यानं आरामात सूर धरून बसायचं. ऐकायला लई भारी! दुसरीत दोन्ही हात सारखेच पळतात. तिसरी म्हणजे डाव्या हाताचा निव्वळ व्यायाम, ऐकणारा पेंगलाच पाहिजे.

मला पहिली हवी होती. सर म्हणाले, "वेगानं लोक खूश होतात, शिवप्रिया. पण परीक्षक सारखेपणा ऐकतात. डावा लपवू नको." लपवतच होते की मी! तिसरी घेऊन तोंड पाडून घरी आले.

१५ जानेवारी
अनामिका अन् करंगळी. बाकीची तीन बोटं ऐकतात, ही दोन न्हाय म्हणजे न्हाय! ठोके देणारा मेट्रोनोम अगदी हळू ठेवला. तरी करंगळीचा सूर कधी उमटतो, कधी नुसतीच टेकते.

अव्वा भाकरी थापता थापता आतून ओरडली, "आत्ता एक सूर खाल्लास बघ!" या माझ्या आईला म्हणे गाण्यातलं काही कळत नाही.

१६ जानेवारी
लाईट नाही. की-बोर्ड बंद. टेबलाच्या कडेवर बोटं आपटत बसले.

१९ जानेवारी
सरांना न विचारता दुसरी रचना घेतली. म्हटलं, उजव्याच्या नादानं डावा पळेल. कसला पळतोय! सगळा चिखल झाला.

आप्पा म्हणाले, "आगं, जीव न्हाय डाव्या हातात. आळस करतीस तू." आळस! मनगट ठणकेपर्यंत बसते मी. डोकंच फिरलं. म्हटलं, "मग तुम्हीच दाखवा की वाजवून डाव्यानं!"

तर बसले की! अन् वाजवलंसुद्धा. वेडंवाकडं, थांबत थांबत. पण त्यांची करंगळी उचलली. सांगेन त्या पट्टीवर नीट पडली. तेही पेटीवालेच, साठी आलेले. मग माझीच का ऐकत नाही? लई भीती वाटतीय.

२० जानेवारी
तिन्ही रचना बाजूला ठेवल्या. पाच बोटं, पाच सूर, बालवाडीतल्या पोरानं वाजवावं तसं. तरी ती दोन उशिराच!

आप्पा दारात उभे राहून ऐकत होते. मी म्हटलं, "रचनाच चुकली माझी. दुसरी एखादी बघते." ते आत आले, माझी करंगळी निरखून बघितली. मग म्हणाले, "उद्या तुळजापूरला जाऊ. डॉक्टरला दाखवू." मी नको म्हणाले. एक दिवस फुकट जाईल, म्हटलं.

२१ जानेवारी
डॉक्टरबाईंनी कोपराजवळची नस चाचपली. दंडावरचा फिकट चट्टा बघितला. मग मला डोळे मिटायला लावून विचारलं, "करंगळीला काय लागतंय?" मी म्हटलं, लावा की आधी. त्यांनी पेन टेकवूनच ठेवलं होतं.

कुष्ठरोग. लवकर आलात, म्हणाल्या. गोळ्यांनी बरा होतो, गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागत नाही, पोरांना खुशाल शिकव. हाताला मात्र आता पूर्ण विश्रांती. एक फेब्रुवारी गेली! आळशी नव्हते मी, एवढंच डोक्यात घुमत होतं.

गच्च भरलेल्या बसमध्ये आप्पांनी माझा डावा हात हातात घेतला, तो नळदुर्ग येईपर्यंत सोडला नाही. करंगळीकडच्या बाजूला मला काहीच कळत नव्हतं. अंगठ्याला कळत होतं — त्यांनी किती घट्ट धरलाय.