धुरपता उलटी काऊन आली

कुरखेडा
रविवार, ता. २ फेब्रुवारी २०२५

धुरपताबाईले संघप्रियाचा जय भीम आणि जय सेवा.

तू बरी असशील. तुझ्या सासूचा, बुधरीमायचा, गुडघा कसा आहे? तिले सांग, कंडक्टरबाईनं विचारलं. मी बरी आहे. आमचा नागसेनही बरा आहे. बायकोचं नाव पेपरात आलं तेव्हापासून जरा जास्तच बरा आहे. कोणी भेटलं की कात्रण काढते खिशातून.

तुझ्या टोल्यात, त्या जंगलातल्या वस्तीत, मोबाइल लागत नाई, म्हणून ही चिठ्ठी. आपला धनराज ड्रायव्हर फाट्यावर वारलूच्या पानठेल्यात देऊन देईन. धनराजले वाचायची सवय आहे, म्हणून डिंक जास्त लावला. फाटला कागद तर मले सांगजो.

गाडी आपली तीच. मागची खिडकी अजून लागत नाई, थंडीनं माणसं कुडकुडतात अन् मलेच बोलतात, जशी काही मीच फोडली. दौड झाली तेव्हापासून तू एकदाही गाडीत चढली नाई. फाटा आला की मी दारातून वाकून पाहते. धनराज म्हणते, "काय बाई, कोणाची वाट पाहून राह्यल्या?" मी म्हणते, "तुले काय करायचं, गाडी पाहा." 

डेपोत माझा सत्कार झाला. शाल, नारळ, अन् साहेबांचं भाषण. साहेब म्हणाले, आमच्या कंडक्टरबाई गाडीपेक्षा जोरात पळतात. तर मागून एक मेकॅनिक म्हणते, "आपल्या गाडीपेक्षा तर कोणीही पळन!" लय हसले सगळे. मीही हसली. पदक खुंटीवर टांगलं आहे. सकाळी उठलं की पहिले तेच दिसते.

आता तूच सांग धुरपता, मले खुशी व्हायले पाहिजे की नाई? इतकी वर्षं तुझी वेणी पाहून पळाली मी. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. तीस किलोमीटर तेच. जंगल कसं दिसते मले विचारू नको, मी वेणीच पाहिली आहे. अन् तुले या दौडीत आणलं कोणी? मीच! आठवते ना? तू हात दाखवत राह्यली, गाडी खच्चून भरली होती, मी घंटी मारून दिली. रस्ता तिथी तलावाले वळसा घालून जाते. पुढच्या फाट्यावर गाडी पोचली, तर तू बांधावरून येऊन आधीच उभी. डोक्यावर टोपली. दम लागलेला नाई. "आता तरी घेता का?" म्हणाली. मी हात जोडले अन् म्हणाली, बाई, तू आमच्या दौडीत ये. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतला मी. त्याच्या आधीच्या साली मी पहिली होती. त्याच्यानंतर कधी नाई.

म्हणजे, औंदापर्यंत नाई.

तर आता मुद्द्याची गोठ. नाल्याचा पूल गेला की जंगलाचा जो पट्टा लागते, जिथी वाघ फिरते म्हणून फॉरेस्टवाल्यांनी पाटी लावली आहे, तिथी आपण दोघीच होतो. मोटारसायकलवाला पुढं पाण्याच्या टेबलाकडं निघून गेला होता. जीप पार मागं, चालणाऱ्यांच्या संगं. तू माझ्या पुढं. माझ्या बुटाची लेस सुटली म्हणून मी जराशी मागं राह्यली. जंगल चिडीचूप होतं, पान हलत नव्हतं. लेस बांधली, पळाली, वळण घेतलं, अन् पाहते तर काय, समोरून तू! माझ्याकडं तोंड करून पळत येऊन राह्यली! माझं तर काळीज तोंडात आलं. वाटलं, हिच्या मागं वाघ लागला. पण मागं कोणीच नाई. मी काही थांबली नाई. तशीच तुझ्या बाजूनं निघून गेली, अन् पहिली आली.

धुरपता, तू उलटी काऊन आली?

सारा कुरखेडा हेच विचारून राह्यला. कोणी म्हणते, तिच्या गळ्यातली पोत पडली, ती पाहाले आली. कोणी म्हणते, तुम्ही लोक त्या मोठ्या झाडाखाली डहाळी टाकून पुढं जाता, ती टाकायची राह्यली म्हणून परतली. धनराज म्हणते, तिनं अस्वल पाहिलं. नागसेन म्हणते, पोट बिघडलं असन. आमचे देवाजी सर, ज्यांनी ही दौड चालू केली, ते पी.टी.चे मास्तर. ते म्हणतात, तीस वर्षं पोरं पळवली, पण पुढं असलेला माणूस मागं पळताना पाह्यला नाई. मी तर गाडीत तिकिटं फाडता फाडताही हाच विचार करते. परवा एका बाईले आरमोरीच्या जागी वडशाचं तिकीट देऊन दिलं.

अन् तू बक्षिसाच्या वेळी थांबली पण नाई. तुझं नाव पुकारलं, दुसरा नंबर, तर कोणी उठेना.

सर म्हणतात, पहिली आली तिले नागपूरच्या मोठ्या दौडीत पाठवायचं. गावाकडून एकच नाव जाते. महिना संपायच्या आत द्यायचं आहे. मले जायचं आहे, धुरपता. खोटं काऊन बोलू, लय जायचं आहे. दिवसभर मी दुसऱ्याले पोचवते. एकदा आपल्या पायानं कुठी तरी पोचावं वाटते. आता चाळीस झाले, पुढच्या साली पाय कसे राहतील कोणाले ठाऊक. पण तुझं उत्तर आल्याबिगर सरांले हो म्हणवत नाई. मी जिंकली, की तू देऊन टाकलं? देऊन टाकलं असन तर मले नको. तेवढं खरं खरं लिही.

तुझी वाट पाहणारी,
संघप्रिया कंडक्टर

---

टोला
ता. ९ फेब्रुवारी

कंडक्टरबाईले धुरपताचा जय सेवा. जय भीम.

चिठ्ठी भेटली. डिंक इतका होता की कागद तिथीच फाटला, धनराजचा दोष नाई. आश्रमशाळा सुटल्यावर मी पहिल्यांदाच एवढं लिहून राह्यली, चुकलं तर हसू नको.

गाडीत काऊन चढली नाई म्हणते. मायचा गुडघा सुजला आहे अन् गाय व्याली आहे. दौडीच्या दिवशीच व्याली. म्हणून मी बक्षिसाले थांबली नाई. रुसली बिसली काही नाई मी. गोऱ्हा झाला.

पोत पडली नाई. अस्वल नव्हतं. पोट बरं होतं, नागसेनभाऊले सांग.

तू लिहिलं, लेस सुटली. संघप्रिया, तुझ्या बुटाले लेस कुठी आहे? चिकटपट्टी आहे. मी पाह्यली आहे. चर्रकन वाजते.

अन् लिहिलं, जंगल चिडीचूप होतं. मी तर घसा फोडून राह्यली होती!

आता ऐक. तू माझी वेणी पाहते, मी तुझे बूट ऐकते. मागून पट् पट् वाजत राहतात. तेच ऐकून मी पळते. लोक म्हणतात धुरपता हरणासारखी पळते, काही नाई, पट् पट् जवळ आलं की भेव वाटते, म्हणून पळते. तुझ्या आधी कोणाच्या भेवानं पळाली नाई मी. मजा वाटते मले त्याची. त्या दिवशी पूल गेला अन् पट् पट् बंद झालं. मी म्हटलं, मागं पडली असन. जराशी अजून पळाली. मजा येईना. अन् त्या पट्ट्यात वाघीण आहे, तिची पिल्लं आहेत, आमच्या टोल्याले माहीत आहे.

आम्ही मोहाची फुलं वेचाले जातो ना, पहाटे, तेव्हा एकेक बाई एकेका झाडाखाली असते. दिसत नाई कोणी. मग एक जण कूऽऽ करते. ज्यानं ऐकली त्यानं ओ द्यायची. दिली तर समजायचं, आहे. नाई दिली तर हातातलं टाकून तिकडं जायचं. टोपलीत किती आहे ते पाहायचं नाई. आमच्या टोल्याची ही रीत आहे. माझ्या आजीले एकदा असंच शोधून काढलं होतं, झाडाखाली पाय मोडून पडली होती.

तर मी कूऽऽ केली. ओ नाई. परत केली. नाई. मग मी उलटी आली. एवढंच आहे. दौड मले आठवली नाई असं नाई, आठवली. पण पाय वळून गेले होते.

मग तू आली. सुसाट. माझ्याकडं पाह्यलंही नाई. मले पहिले हसू आलं. मग राग आला. मग मी पळाली तुझ्या मागं, जीव खाऊन पळाली, पण तू काही हाती आली नाई. पट् पट् पुढून ऐकलं मी, पहिल्यांदा. तेवढं तू खरं जिंकलं. दिलं नाई मी. देत नसते मी काही.

पण एक विचारते, तू सांग. तुले कू ऐकू आली नाई ना? आली नसन तर काही नाई, वारा असन. अन् आली असन तर आमच्या टोल्यात जो ऐकून ओ देत नाई, त्याच्यासंगं कोणी मोह वेचाले जात नाई. मोह आता पडायलेच आला आहे. म्हणून विचारून ठेवते.

धुरपता

---

कुरखेडा
ता. १२ फेब्रुवारी २०२५

धुरपता,

गोऱ्हा झाला, छान झालं. मायच्या गुडघ्याले डेपोजवळच्या दुकानातून तेल पाठवते, धनराजच्या हाती. गरम करून लावजो.

तुझी चिठ्ठी मी गाडीतच वाचली, शेवटच्या सीटवर बसून. धनराज हॉर्न वाजवत राह्यला, मले ऐकू गेलं नाई. नाई, हे ऐकू गेलं नाई ते खरं आहे. तुझी कू ऐकू आली होती.

दोन्ही वेळा आली.

लेसचं पितळ तू उघडं पाडलं. मग पुरतंच सांगते. मी मागं राह्यली नव्हती, मी बसली होती. पुलाच्या कठड्यावर. वळणावर तुझी वेणी दिसेनाशी झाली, अन् माझ्यातलं सारं निघून गेलं. म्हटलं, बस्स झालं. काय लावलं आहे हे. दरसाल हिच्या मागं पळायचं अन् दुसरं यायचं, घरी पोरीचा डबा, सासूबाईंचं औषध, नागसेन वरून हसते. जीप येईन, तिच्यात बसून जाऊ. रडली पण. कोणाले सांगितलं नाई हे, नागसेनलेही नाई.

तेव्हा तुझी कू आली. अन् मी काय समजली असन, सांग? मी समजली, ही अंदाज घेऊन राह्यली! माझा आवाज आला तर हिले कळन मी किती मागं आहे. लांबून आला तर आरामात जाईन, जवळून आला तर जोर लावन. मनात म्हटलं, वा गं धुरपता, लय हुशार आहेस, पण मीही कंडक्टर आहे, चिल्लर अशी सुटत नसते माझ्याकडून. झाकली मूठ सव्वा लाखाची. तोंड दाबून उठली. रागानं उठली, अन् पायात कुठून ताकद आली माहीत नाई. दुसरी कू आली तेव्हा म्हटलं, घे, ओरड. अन् पळाली.

बाप्पा, किती येडी मी! तू माझा जीव पाहून राह्यली होती अन् मी डाव पाहून. पण हेही पाहा, तू आवाज दिला नसता तर मी जीपमधूनच आली असती. चिडवायले आवाज दिला समजूनच उठली ना? मले हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं. शेवटच्या सीटवरची एक म्हातारी म्हणाली, "बाई, बरं आहे ना?"

काल देवाजी सरांकडं गेली. त्यांले सारं सांगितलं. ते म्हणाले, "मग नाव कोणाचं देऊ?" मी म्हटलं, आत्ताच नका देऊ. धुरपता, मी तुले जागा देऊन टाकणार नाई. तू देत नसते, मीही देत नसते. तसं झालं तर तुले राग येईन अन् मले जन्मभर चुटपुट लागन. आपण दोघी परत पळू. तोच रस्ता, मोह पडायच्या आधी, एका पहाटे. सर दौड संपते तिथी बसतील, अन् फॉरेस्टचा एक माणूस संगं ठेवतील, वाघिणीपायी. जी पहिली येईन ती नागपूरले जाईन, दुसरी तिची पिशवी धरून स्टँडपर्यंत. मी नवीन बूट घेणार नाई. तेच घालीन, वाजणारे.

तू पुढं असशील, असशीलच. पट् पट् बंद झालं तर कू कर. मी ओ देईन. तुले कळन मी किती मागं आहे, कळू दे. मग लाव जोर.

अन् मोह वेचाले मले घेशील की नाई ते तुमच्या टोल्यानं ठरवावं. मी टोपली घेऊन ठेवली आहे. बुधरीमाय नाई म्हणाली तर काही म्हणणार नाई मी.

त्या दिवशीची एक गोष्ट तेवढी द्यायची राह्यली. उशीर झाला, पण घे.

ओऽऽऽ!

इथी आहे बाई मी, पुलावर. उठली. येऊन राह्यली.

तुझी
संघप्रिया