करंगळीचं पेर

प्रिय रूबेन,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, उगाच फुगू नकोस. तुझं पत्र बुधवारी मिळालं. नऊ वर्षांत पहिलं, तेही कॅनडाहून, दुसऱ्याच्या नावाने. आणि विचारलंयस काय, तर तुझ्या स्मारकाच्या दगडावर काय कोरलंय. मी कशी आहे हे शेवटच्या ओळीत, जागा उरली म्हणून. शाळेत मी दोनच हिवाळे गेले, पण एवढं वाचता येतं.

तर वाच. 'रूबेन स्टोर, या गावचा कोळी. जानेवारीच्या वादळात एकट्याने होडी घालून परक्या जहाजावरचे नऊ जीव तीन खेपांत काठाला आणले. चौथ्या खेपेला स्वतः बुडाला.' रविवारी प्रार्थनेनंतर पडदा उघडणार आहेत. पिकरिंग मास्तरांनी गावाच्या इतिहासाचं पुस्तक छापलंय, त्यात तू चौदाव्या पानावर आहेस, मी पंधराव्या, 'शूराची एकनिष्ठ विधवा'. उन्हाळ्यात लीड्स शहराच्या बायका सहलीला येतात आणि माझ्या खिडकीतून आत बघतात. मी कांदा चिरत असले तरी त्यांना वाटतं तुझ्यासाठी रडतेय.

नऊ वर्षं काळे कपडे. रस्त्यात जरा मोठ्याने हसले की तुझी बहीण रूथ आलीच, "शोभतं का गं तुला, डॉर्कस?" दोरखंडवाला एमॉस दोनदा विचारून गेला. चांगला माणूस आहे, पाय पुसून आत येतो. त्याला काय सांगू, नवरा जिवंत आहे म्हणून? लोकांना वाटतं तुझ्यासारखा दुसरा मिळणार नाही म्हणून मी नाही म्हणते. त्यावर मास्तरांनी अख्खा परिच्छेद लिहिलाय.

वादळाच्या त्या सकाळी तू मिठाच्या कोठारामागे गुडघ्यात डोकं घालून बसला होतास. तसा समुद्र बघून कुणीही मागे हटलं असतं. मी एकदा बोलले असते आणि विसरले असते. होडी काढली ती मॅग्नसने, आपल्या माडीवर भाड्याने राहणाऱ्या त्या शेटलंड बेटांवरच्या माणसाने. त्याचा स्वेटर चुलीशी वाळत होता, म्हणून तुझा मीच त्याच्या अंगात घातला. बर्फात कड्यावरच्या लोकांना होडी तुझी दिसली, म्हणून माणूसही तूच. वाचलेले खलाशी नॉर्वेचे, त्यांना तुमची नावं कुठून माहीत असणार? लोक ओरडले, "रूबेन गेला." ते ऐकलंस आणि माळरानाने चालू पडलास. मी माडीवरून बघत होते. मेलेला राहणं तुला सोपं गेलं.

अकरा दिवसांनी प्रेत लागलं. चेहरा उरला नव्हता. आपल्याकडे गावागावाच्या स्वेटरची वीण वेगळी, त्यावरूनच बुडालेला कुणाचा ते ठरतं. हा तर माझ्याच हातचा स्वेटर. पण डावी बाही वर सरकली होती. तुझ्या डाव्या करंगळीचं पेर गळाच्या दोरीने नेलेलं, आणि या हाताची पाचही बोटं धड होती. मी बघितलं, तुझ्या आईने बघितलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि कानाशी म्हणाली, "हो म्हण, पोरी. पळपुट्याची आई होऊन मी या गावात जगणार नाही." मी बाही खाली ओढली आणि हो म्हटलं.

मग मॅग्नस कुठे गेला याचं उत्तर गावाने आपलं आपणच शोधलं. भाडेकरू घाबरून पळाला. अजून खेळताना मागे राहणाऱ्याला पोरं 'मॅग्नस' म्हणून चिडवतात. तुझी आई यंदाच्या मार्चमध्ये गेली. जाताना म्हणाली, "मी सुटले बाई." मी कुठली सुटतेय.

काल शेटलंडहून एक म्हातारी आली. ओसला, मॅग्नसची आई. नऊ वर्षं बंदराबंदरात विचारत फिरतेय, पळालेला माझा मुलगा कुणी पाहिला का. रागवायचं नाही म्हणते, नुसतं घरी न्यायचंय. रूथ तिच्या तोंडावर म्हणाली, "पळपुट्याच्या आईचं शूराच्या दारात काय काम?" म्हातारीने मान खाली घातली, जसं काही हे तिने ऐकायलाच हवं होतं. मी रूथला बाजूला सारलं आणि म्हातारीला आत घेतलं. आत्ता चुलीशी बसून माझी लोकर गुंडाळून देतेय.

सकाळी पाथरवटाकडे जाऊन आले. कोरलेलं नाव काढता येतं का, विचारलं. म्हणाला, "येतं, पण तिथे खोलगट राहतं. दुसरं नाव त्या खड्ड्यातच घालावं लागेल." घाल म्हटलं. एमॉसशी लग्न यानेही होणार नाही, एवढं कळतं मला. गाव माझ्या दारावर काय फेकायचं ते फेकेल. पण रस्त्यात हसेन तरी. तू ये म्हणत नाही, येऊ नकोस असंही म्हणत नाही. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. आता हे बंद करते आणि तिच्यासमोर जाऊन बसते. करंगळीपासून सुरुवात करेन.

रविवार दुपारपर्यंत तुझीच विधवा,
डॉर्कस