अर्जदार समाधानी

बाबा, ज्या कचेरीत तुम्ही जन्मभर तक्रारींच्या फायली सांभाळल्या तिथेच मी बसते, फक्त फायली उरल्या नाहीत. तक्रार फोनवरून येते, मशीनच ती वाचतं, कोणत्या खात्याची ते ठरवतं आणि उत्तरही लिहून ठेवतं. मी नुसती होकार द्यायला. काम हलकं झालं म्हणतात सगळे. मग संध्याकाळी घरी आल्यावर चहा टाकायचाही कंटाळा का येतो, कोण जाणे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका तक्रारीवर 'अर्जदार समाधानी' लिहून फाईल बंद केली होती. तुम्ही निवृत्तीला टेकलेले. फाईल घेऊन माझ्या टेबलाशी उभे राहिलात, सगळ्यांसमोर विचारलंत, "काहून गं, विचारलं होतं का त्याला?" मला रडू फुटायचं बाकी. मग भर उन्हात स्कूटरवर मागे बसवून थेट तिलवाऱ्याला, त्या अर्जदाराच्या घरी नेलंत. त्या म्हाताऱ्याने कोरड्या नळाकडे बोट दाखवलं, "बाबूजी, पानी है कहाँ?" परतताना सदर बाजारात थांबून उसाचा रस तेवढा पाजलात. फार राग आला होता तुमचा.

गेल्या महिन्यात राइट टाउनच्या एका आजींची तक्रार आली, दारासमोरच्या नालीवरची फरशी तुटली आहे म्हणून. ठेकेदाराने भलत्याच नालीचा फोटो टाकला, तो पाहून मशीनने लिहिलं, दुरुस्ती झाली, अर्जदार समाधानी. तक्रार बंद. आठ दिवसांनी आजी त्याच नालीत पडल्या, खुबा मोडला. त्यांची लेक कचेरीत आली. भांडली असती तर बरं झालं असतं. "दीदी, आई विचारून राहिली, मी समाधानी आहे असं बोललं कोण?" मी म्हटलं, मशीनची चूक झाली. साहेबांनाही तेच सांगितलं. सगळ्यांना पटलं, कारण मशीनला स्कूटरवर बसवून कोण नेणार?

तुम्हालाही वर तेच लिहिलं. पण बाबा, तक्रार बंद होण्याआधी पडद्यावर एक प्रश्न येतो, अर्जदाराशी बोललात का? त्यावर 'हो' मी दाबलं. आजींचा नंबर खालीच होता.

तुम्ही गेल्यावर तुम्हाला लिहिणं सोपं झालंय, पाठवायचं नसतं. आजींचं घर माझ्या रोजच्या वाटेवर आहे. आजही त्या गल्लीपाशी गाडी हळू केली, थांबवली नाही.